मिटणारा मोर
तापलेल्या तांब्याचा वास आला की मला अजून तो उत्सव आठवतो. तमिळ मुलुखात, ओरत्तनाडूजवळच्या आमच्या गावात, देवीच्या उत्सवासाठी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, शेकडो बल्बांचा मोर उभारला होता. मोटरच्या पट्ट्यानं लाकडी ढोल फिरे, त्यावरचे तांब्याचे तुकडे तारांना घासत, बल्ब ओळीनं लागत आणि पिसारा फुले. त्या वर्षी तुकडे मी ठोकले होते, मागच्या बाजूनं बघत, म्हणून क्रम उलटा झाला. रथ समोर आला, मी खटका दाबला, आणि मोर पिसारा मिटू लागला. पुजारी तमिळमध्ये ओरडले, "देवीपुढं मिटणारा मोर? अपशकुन!" माझा हात खटक्याकडे गेला. "नको! देवी उभी असतां दिवे विझवूं नये," अप्पा आमच्या घरच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथंच बोलल्या गेलेल्या मराठीत म्हणाले. चालत्या मोटरवरून त्यांनी पट्टा काठीनं उतरवला, त्याला आठच्या आकड्यासारखा पीळ दिला आणि वीज खेळत असलेल्या उघड्या तांब्यापासून बोटभर अंतरावर हातानंच परत चढवला. ठिणग्या उडाल्या, ढोल उलटा फिरू लागला, गाव टाळ्या वाजवू लागलं. आता असे मोर चिपवर चालतात. तो मोर फुलला तेव्हा कसा दिसला, मला ठाऊक नाही. मी अप्पांची बोटं मोजत होते.