मंदाची पाटी

स्टुलाचा मोडका पाय बसवून घ्यायला मी मंदाच्या शेडमध्ये गेले, तेव्हा नव्या पाटीवर कुठलं नाव लिहायचं याची चर्चा चालली होती. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, हाताखाली सुतारकाम शिकलेली मंदा आता स्वतःचा धंदा सुरू करत होती. पेंटर ब्रश घेऊन थांबला होता.

"अण्णांचंच नाव लाव," तिचा भाऊ म्हणाला. "बाईचं नाव वाचून गिऱ्हाईक येईल का?"

अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांचे हात हल्ली थरथरतात, दिसतंही अंधुक.

"दोन वर्षं रंधा कोण मारतंय?" ते म्हणाले. "तिचंच नाव लिहा."

पेंटरनं 'मंदा सुतारकाम' असं लिहिलं. मला वाटलं, नाव म्हणजे तरी काय, आपल्या कामाची हमीच ना? ती दुसऱ्याच्या नावानं कशी द्यायची?

मंदानं स्वतः रंधून घडवलेली ती पाटी अण्णांजवळ नेली. "जपून, रंग ओला आहे."

अक्षरं त्यांना दिसली नसावीत. त्यांनी नुसत्या कडेवरून तळवा फिरवला, मग उलट्या दिशेनं फिरवून पाहिला.

"कुठंही कुसळ लागत नाही गं," ते म्हणाले, आणि मंदा मोठ्यानं हसली.