राखेची तीन मडकी

लग्न होऊन डोंगरकड्याला आले, त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या शेतात लेंडीखतासाठी धनगरांची मेंढरं बसवली होती. पुढं ज्वारी उगवली, तेव्हा मेंढरं बसलेल्या जागेवरची रोपं गडद हिरवी होती आणि बाकीची पिवळी. सासूबाई पिवळ्या रोपांना चुलीतली राख घालायच्या, पण फरक पडत नव्हता.

मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरीण मावशीला मी विचारलं, "राख घालूनही रोपं काहून पिवळी?"

ती म्हणाली, "लेकी, रोपाला आधी लेंडीखत मिळू दे. मग राख लागू पडते त्याला."

हे खरं का, ते मला बघायचंच होतं. तीन फुटक्या मडक्यांत एकाच बांधावरची माती भरून ज्वारी टोकली. एकात राख घातली, दुसऱ्यात लेंड्या भिजवलेलं पाणी आणि तिसऱ्यात दोन्ही. लेंडीचं पाणी इतकं दाट झालं, की त्या दोन मडक्यांतली रोपं करपली. सासूबाई हसल्या, "जास्त चारून लेकरं मारलीस की!"

मी पुन्हा बी टोकलं आणि पाणी पातळ केलं. पंधरा दिवसांनी राखेच्या मडक्यातली रोपं पिवळीच होती. लेंडीवरची हिरवी, पण लुसलुशीत, वाऱ्यानं आडवी होणारी. दोन्ही मिळालेली मात्र ताठ उभी होती.

सासूबाईंनी त्यांचं खोड चिमटीत दाबून पाहिलं. "राख तर तीच हाय," त्या पुटपुटल्या, "मग इथंच कशी लागू पडली?"

 त्या उठल्या आणि घरातून चौथं मडकं घेऊन आल्या. "यात नुसती राखच, पण दुप्पट घालून बघू."