केंडलबाईंच्या घरची हरणाबाई

कामावर आली त्याच दिवशी हरणाबाईनं पायरीखाली उभं राहून साहेबांना सांगून टाकलं, "स्वयपाक करीन, भांडी घाशीन, धुणं धुईन. पर धर्म बदल म्हणू नगा. आमी छप्पन साली एकदा बदललाय. आता पुन्हा न्हाय."

केंडलसाहेब मोठ्यानं हसले. केंडलबाईंना त्यांनी इंग्रजीत समजावून सांगितलं, तशा त्याही हसल्या. मग साहेब आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "आम्हांस भाकरी करणारी बाई पाहिजे. आपण आत यावे."

हे बहात्तर सालचं. लोहाऱ्याच्या आसपास पावसानं तोंड फिरवलेलं ते सलग दुसरं वर्ष. केंडल नवरा-बायको कॅनडातून आले होते, दोघंही पासष्टीच्या पुढचे. साहेबांचा जन्म शेतीची यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला, बाई दवाखान्यात नर्स होत्या. मुलं मोठी होऊन आपापल्या संसाराला लागली आणि नोकऱ्या संपल्या, तेव्हा मिशननं विचारलं, दोन वर्षं हिंदुस्थानात जाल का? दोघं हो म्हणाले. पुण्यात थोडे दिवस मराठी शिकले. साहेबांना वाचता येऊ लागलं. बाईंना मात्र अक्षरं काही केल्या धरता आली नाहीत. 'पाणी', 'दूध', 'कुठं दुखतं?' आणि अशाच चार तोडक्या वाक्यांवर त्यांचं काम चाले. गावानं केंडलचं कंदील करून टाकलं. त्यांच्या भाड्याच्या घराला पोरं कंदीलसाहेबाचं घर म्हणायची.

हरणाबाई विधवा. तिशी ओलांडलेली, मूलबाळ नाही. धाकट्या दिराच्या, मच्छिंद्रच्या घरी राहायची. चौथीपर्यंत शिकलेली, कारण बापाचा हट्ट होता की पोरींना अक्षर आलंच पाहिजे. दुष्काळी कामावर खडी फोडून तिचे हात सोलून निघाले होते. म्हणून तिला हे घरकाम बरं वाटलं. पण थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं, की या घरात बसून राहणं कुणालाच माहीत नाही.

सोमवारी बाई खडीच्या कामावर जायच्या. तिथं दुधाच्या भुकटीचं दूध कालवून पोरांना पाजायचं, बायांच्या चिरलेल्या हातांना मलम-पट्टी करायची. हरणाबाई शेजारी बसून बायांचं बोलणं खुणांनी समजावून सांगे. मंगळवार-बुधवार साहेबांचे. जीप घेऊन गावोगावचे बंद पडलेले हापसे उघडायचे, वायसर बदलायचे, गंजलेले पाईप वर ओढायचे. निम्म्या ठिकाणी हापसा नीट व्हायचा, पण खाली पाणीच नसायचं. गुरुवारी धुणं, तेही तांब्याभर पाण्याचा हिशेब करत. शुक्रवारी पुन्हा खडी. शनिवारी साहेब दिवसभर टेबलापाशी बसून रविवारचं प्रवचन मराठीत लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. आणि रविवारी ते ऐकायला माणसं किती? सरकारी दवाखान्यातली बिदरकडची नर्स शांतम्मा, तिचा नवरा, आणि जवळच्या खेड्यातलं एक म्हातारं ख्रिस्ती जोडपं. एवढ्यांसाठी साहेब कोट घालायचे.

एका दुपारी खडीवरून परत आल्यावर बाई ओसरीत खांबाला टेकून उभ्याच राहिल्या. चेहरा लालबुंद, पायांना सूज.

"हरणाबाई, मी थकले."

"मंग बसा की."

"बसले, तर उठणार नाही."

हरणाबाईला हसू आलं नाही. तिची स्वतःची कंबर सकाळपासून ठणकत होती. तिनं बाईंना धरून खाली बसवलं आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. मग स्वतःही शेजारी बसली. चूल पेटवायचं दोघींच्याही जिवावर आलं होतं.

उन्हाळा चढला, तसा सास्तूरच्या हापशानं पुन्हा दगा दिला. साहेब निघाले. बाईंनी ऊन फार आहे, आज घरी राहा म्हणून सांगून पाहिलं, पण ते ऐकेनात. म्हणून बाईही जीपमध्ये बसल्या आणि हरणाबाईलाही घेतलं. सास्तूरला घागरींची रांग लागलेली. साहेब चार गड्यांबरोबर पाईप वर ओढत होते. एकदम त्यांचा हात सुटला आणि ते मातीत बसले. बायांना वाटलं, ऊन लागलं. हरणाबाई पाणी घेऊन धावली. पाणी तोंडातून एका बाजूनं खाली ओघळलं. तोंड वाकडं झालं होतं.

बाईंनी डोळे पाहिले, हात उचलून पाहिला. मग त्या उठल्या आणि जीपच्या स्टेअरिंगपाशी जाऊन बसल्या.

"बाई, तुमाला येती का गाडी?" हरणाबाईनं विचारलं.

"तिकडे येते," बाई म्हणाल्या.

त्यांच्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं धावतात. इकडं त्यांनी जीपला कधी हात लावला नव्हता. मागं हरणाबाई साहेबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बाई चुकून उजवीकडं सरकल्या की ती ओरडायची, "डावीकडं, बाई, डावीकडं!" समोरून एस.टी. आली की बाई गाडी पार मातीत उतरवायच्या. नळदुर्गच्या पुढं बाईंना गाडी नेववेना. त्यांनी गाडी बाजूला घेतली, कपाळ स्टेअरिंगवर टेकवलं. हरणाबाईला वाटलं, आता ही काही उठत नाही. पण बाईंनी पदरासारखा फ्रॉकचा घेर ओढून तोंड पुसलं आणि गाडी पुन्हा चालू केली. दिवस मावळायच्या आत त्यांनी सोलापूरचा दवाखाना गाठला.

साहेब वाचले. पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इंग्रजीही गेली, मराठीही गेली. एक 'पाणी' तेवढा शब्द राहिला. भूक लागली तरी पाणी, कूस बदलायची तरी पाणी. बाईंना हाक मारायची तरी तेच.

विमानाचा प्रवास सोसण्याइतकी ताकद यायला दोन महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. मिशनवाले पुण्याला चला म्हणत होते, पण बाईंनी लोहाऱ्यालाच यायचं ठरवलं. घर तिथं होतं, आणि हरणाबाई तिथं होती.

पहिल्या रविवारी शांतम्मा आणि बाकीचे तिघं आले. साहेबांना खुर्चीत बसवलं होतं. त्यांच्या मांडीवरचं मराठी बायबल उघडलं, पण वाचणार कोण? शांतम्माला नुसतं कानडी वाचता येई, बाकीच्यांना अक्षरओळख नव्हती. बाई पानाकडं बघत राहिल्या. मग पुस्तक मिटायला लागल्या.

दारात उभ्या असलेल्या हरणाबाईनं पदराला हात पुसले. "आणा इकडं. कुठून वाचू?"

ती अडखळत, बोट फिरवत वाचत गेली. साहेबांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्यानंतर दर रविवारी तीच वाचू लागली.

ही गोष्ट वस्तीत पोचायला किती वेळ लागणार? मच्छिंद्रनं संध्याकाळी तिला गाठलं. "वैनी, घरात बुद्धाचा फोटो हाय. अन् तुमी तिथं त्यांची पोथी वाचता? लोक काय म्हणत्याल?"

"वाचल्यानं माणूस बाटत आसतं का, भावजी? म्हातारी एकटी पडलीया. नवरा बोलंना तिचा."

"मला न्हाय पटत हे."

"मला बी कुठं पटतंय? पर तिचं तोंड बघवत न्हाय."

मच्छिंद्र तिच्याशी महिनाभर धड बोलला नाही. ताटात भाकरी वाढली की मुकाट्यानं खायचा आणि उठायचा. हरणाबाई दिवसा साहेबांना उचलून, पुसून, भरवून येई आणि घरी या अबोल्यात पडून राही. शांतम्माच्या नवऱ्याला साहेबांपाशी बसवून बाईंबरोबर सोमवारी खडीवर जाणंही तिनं सोडलं नाही. बाईंनी सोडलं नव्हतं, मग ती कशी सोडणार?

मृगाच्या सुमारास न्यायला पुण्याहून गाडी आली. निघताना बाईंनी हरणाबाईचे दोन्ही हात धरले. "आम्ही काही केलं का इथं?" त्यांनी विचारलं.

हरणाबाईला खोटं बोलता आलं नाही. "सास्तूरच्या हापशाला पाणी लागंना, बाई. पर पोरं दूध प्यायली. बायांचे हात बरे झाले." हात न सोडवता ती म्हणाली, "अन् माझं तुमच्याबिगर कसं व्हायचं, ते मला म्हाईत न्हाय."

बाईंना किती कळलं कुणास ठाऊक. त्यांनी तिला पोटाशी धरलं, आणि मग गाडी गेली.

पुढं हरणाबाई काही दिवस पुन्हा खडीवर गेली. गावात सहकारी दूध संस्था निघाली, तेव्हा तिला संकलन केंद्रावर कॅन धुण्याचं काम मिळालं. शांतम्मा एकदा विचारायला आली होती, रविवारी वाचायला येशील का. हरणाबाई नाही म्हणाली. ते बाईंसाठी होतं, एवढंच तिनं सांगितलं. शांतम्मा रागावली नाही. पुढं तिनं आपल्या मुलीला मराठी शाळेत घातलं.

साहेब गेल्याचं कळलं ते वर्षभरानं. पुण्याचा एक मिशनवाला उमरग्याकडं जाताना केंद्रावर थांबला आणि सांगून गेला. बाई मुलीकडं आहेत, म्हणाला. हरणाबाईनं ऐकून घेतलं आणि हातातला कॅन धुऊन पालथा घातला. घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली, ती चुलीकडं गेलीच नाही.

मच्छिंद्रला बाहेरूनच कळलं होतं. त्यानं चूल पेटवली, चहा केला आणि कप तिच्यापुढं ठेवला.

"तुमी पडा, वैनी. संध्याकाळचे कॅन मी धुतो."

"तुमाला जमायचं न्हाय."

"जमंल."

तो निघून गेला. हरणाबाई चहा तसाच ठेवून आडवी झाली. झोप लागली नाही, पण ती उठलीही नाही.