घट्ट झाकण
पिकून गळालेल्या चिकूंचा आंबूस वास आला की बोर्डीची आमची वाडी आठवते. दारूबंदीच्या त्या दिवसांत मी पहिल्यांदाच, चोरून, चिकूची दारू घातली होती. वाडीवरचा वारली गडी म्हणाला, "शेठ, बरणीला झाकण नको, फडकं बांधा. आंबलं की फुगतं." हा मला शिकवणार? मी झाकण मुद्दाम घट्ट आवळलं. चौथ्या दिवशी भर दुपारी बरणी फुटली. वासावर हवालदार आला आणि "वारल्याचंच काम" म्हणत त्याने गड्याचं मनगट धरलं. मी ओटीवर गप्प उभा होतो. काही महिन्यांनी तुरुंगातून सुटून आल्यावर गडी एवढंच म्हणाला, "फडकं बांधायचं होतं, शेठ." तेव्हापासून मी चिकू खात नाही, मी भोगलेली शिक्षा एवढीच.