ठमाबाईंनी न फेकलेली भाकरी

सांगवीत लग्न कुणाचंही असो, पाठवणीच्या वेळी ठमाबाईंना बोलावणं असतंच. हल्लीच्या नवऱ्यामुलींना रडू येत नाही. नवऱ्याशी सहा महिने फोनवर बोलून झालेलं असतं, डोळे रंगवायला पार्लरवालीनं दोन तास घेतलेले असतात आणि सासर गाडीनं अर्ध्या तासावर. पण मुलगी हसत हसत गाडीत बसली तर मागं राहिलेल्या बायका महिनाभर बोलायला मोकळ्या. म्हणून ठमाबाई पुढं होतात, नवरीच्या गळ्यात पडतात आणि "माझ्या बाय गं, आता दारातली रांगोळी कोण काढंल गं" असा सूर धरतात. आधी नवरीची आई फुटते, मग आत्या, मग मावशा, शेवटी नवरी. गाडी वळणाआड गेली की ठमाबाई पदरानं तोंड पुसतात आणि विचारतात, "मठ्ठा राहिलाय का गं जरा?"

यात आपण कुणाला फसवतो असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि गावालाही वाटलं नाही. सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच तर बोलावतात.

असल्याच एका पाठवणीचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर टाकला आणि तो फिरत फिरत मुंबईला पोचला. तिथून फोन आला. 'उंबरठ्यावर वादळ' नावाचा कार्यक्रम. खऱ्या घरात जाऊन सासू-सुनेचं खरं भांडण दाखवायचं आणि शेवटी मिटवायचं.

"पर आमचं भांडणच न्हाय," ठमाबाई म्हणाल्या.

"ते आम्ही बघतो ना मावशी," पलीकडची मुलगी म्हणाली.

थोरल्या मुलाची, लखनची, बायको रोहिणी बारावी झालेली, तोंडानं फटकळ, हाताला उरक. लखन माळेगावच्या साखर कारखान्यात पाळीवर जायचा, त्यामुळं शेतातल्या मालाचं सगळं तीच बघायची. सासू-सुनेचं जमत होतं. चार घरांत जमतं तसं.

तरी ठमाबाईंनी होकार दिला, तो धाकट्या अविराजसाठी. अविराज एकतीस वर्षांचा. शेतीचं शिकलेला, वांगी अशी पिकवायचा की बघणाऱ्यानं हात फिरवावा. पण चार वर्षांत अकरा मुली बघून झाल्या आणि अकराही जणींना पुण्यातला नोकरीवालाच हवा होता. बारावी मुलगी इंदापूरची राजेश्वरी, औषधांच्या दुकानात कामाला. ती हो म्हणाली. राहिलं होतं ते एवढंच, की मुलीच्या आईनं, प्रयागबाईंनी, येऊन घर बघायचं. ठमाबाईंना वाटलं, टीव्हीवरच दिसलं तर अख्खं इंदापूर बघेल. नवी फरशी, दोन दारांचा फ्रिज, ओट्यावरचं पाणी गाळायचं मशीन. यापरीस चांगली जाहिरात कुठली?

बुधवारी गाडी आली. दोन कॅमेरेवाले आणि फोनवरची ती मुलगी. तिला सगळे क्रिएटिव्ह मॅडम म्हणत होते. आल्या आल्या मॅडमनी फ्रिजवर गोधडी टाकायला लावली.

"घर जरा साधं दिसू दे, मावशी."

"अगं पर त्योच तर दावायचा हाय."

"नंतर घेऊ ना."

नंतर कुणी घेतला नाही. मॅडमनी चूल मागितली. चूल नाही म्हटल्यावर परसातलं पाणी तापवायचं चुलवण झाडून घेतलं आणि रोहिणीला त्याच्यापुढं बसवलं. सून भाकरी वाढते, सासू ती फेकून देते, असा प्रसंग ठरला.

"भाकरी मी फेकणार न्हाय," ठमाबाई म्हणाल्या.

"दोनच सेकंद, मावशी."

"दोन काय आन् अर्धा काय. आमच्या रानातली ज्वारी हाय ती. दुसरं काय बी दे, लांब फेकते."

शेवटी रिकाम्या ताटलीवर तडजोड झाली. ठमाबाईंनी ताटली फेकली. नीट गेली नाही म्हणून परत फेकली. तिसऱ्या खेपेला ती ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या अप्पांच्या, म्हणजे ठमाबाईंच्या मालकांच्या, नडगीवर बसली. अप्पा उठले, चष्मा खिशात घातला आणि गोठ्यात गेले. गाडी जाईपर्यंत ते काही बाहेर आले नाहीत. त्यांना तसं जाताना बघून रोहिणीला असं हसू फुटलं की तिनं तोंडावर पदर घेतला आणि खांदे गदागदा हलत राहिले.

"सुपर्ब," मॅडम म्हणाल्या. "कट करू नका."

मग समेट. तिथं मात्र ठमाबाईंनी आपली सारी विद्या पणाला लावली. सुनेला पोटाशी धरून असा सूर लावला की कॅमेरेवाल्यानं डोळे पुसले. एका झटक्यात झालं, परत घ्यावं लागलं नाही.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आळीतल्या सगळ्या बायका ठमाबाईंच्या नव्या फरशीवर मांडी घालून बसल्या. टीव्हीवर ढगांचा गडगडाट झाला. ताटली ठमाबाईंच्या हातातून सुटली आणि पुढच्याच क्षणाला मातीत भाकरी पडलेली दिसली.

"ती आपली न्हाय," ठमाबाई म्हणाल्या. "एवढी जाड भाकरी आपल्यात कोण थापतंय?"

आता पदराआड रोहिणीचे खांदे हलत होते आणि मागं व्हायोलिन वाजत होतं. अक्षरं आली: 'किती दिवस सोसायचं?' त्याच्यावर ठमाबाईंचा चेहरा, तोही एकदम जवळून. वास्तविक तेव्हा त्या कॅमेरेवाल्याला चहात साखर किती, ते विचारत होत्या. तेवढ्यात कार्यक्रम संपला.

"आन् माझं रडणं?" ठमाबाई म्हणाल्या. "येवढं रडले ते कुठं गेलं?"

बायका पदर सावरत उठल्या. शेजारची सारजा, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, जाताना रोहिणीच्या कानाशी लागली, "माह्यारी जायचं आसंल तर सांग, माझा पोरगा सोडंल." रोहिणी म्हणाली, "सारजाकाकू, तुमी पलीकडच्या भिंतीला राहता. कधी आवाज ऐकलाय?" सारजा म्हणाली, "तेच म्हणते मी. किती दाबून ठेवलंय तुला."

सकाळी गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष विजयसिंह वही घेऊन आले.

"काकी, अर्ज आला न्हाय, पर गावाचं नाव गेलंय. मिटवून टाकू."

"मिटवायला भांडण पायजे की रं बाबा."

"टीव्हीवर हाय की."

"ते त्यांनी करून घेतलं."

"मग मी काय लिहू?"

बराच वेळ विचार करून त्यांनी 'उभय पक्षांत समेट' असं लिहिलं. रोहिणीनं खाली सही केली. तिला परत हसू यायला लागलं, तशी ती घाईनं आत गेली आणि विजयसिंह हळहळत गेले.

इथवर ठमाबाईंनीही हसून घेतलं. दुपारी इंदापूरचा फोन आला, तेव्हा हसणं थांबलं. प्रयागबाई स्वतःच बोलत होत्या.

"घर बघायला यायचं हुतं, पर बघून झालं."

"ते समदं खोटं हुतं वो. शपथ घेऊन सांगते."

"मला बी तसंच वाटलं आधी," प्रयागबाई शांतपणे म्हणाल्या. "मग म्हणलं, जिला इतकं हुबेहूब खोटं येतंय, तिचं खरं कंचं धरायचं?"

ठमाबाईंनी फोन ठेवला. अविराज दारात उभा होता. आपल्या खोलीला लावायला आणलेला फिकट निळ्या रंगाचा डबा त्यानं गाडीच्या हँडलला अडकवला आणि रंगाच्या दुकानात परत करून आला. त्यानं आदळआपट केली असती तर ठमाबाईंना बरं वाटलं असतं. आपण पोराचं घर दाखवायला गेलो आणि त्याचा संसारच झाकून बसलो, हे त्यांना जेवताना, झाडताना, मशीनचं पाणी भरताना सारखं आठवत राहिलं. त्यांनी तीनदा इंदापूरला फोन लावला. कुणी उचलला नाही.

पुढच्या मंगळवारी दहाच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. प्रयागबाई उतरल्या, मागून राजेश्वरी. मुलीनं म्हणे घरी सांगितलं होतं, की टीव्ही बघून मी कुठली गोळी देत नाही, नकारही देणार नाही. आधी बघू.

ठमाबाईंची धांदल उडाली. त्यांनी रोहिणीला डोळ्यानं खुणावलं, रोहिणी समजली, आणि दोघींनी मिळून जे सुरू केलं ते बघवत नव्हतं.

"आई, तुमी बसा, मी करते," रोहिणी म्हणाली. आठ वर्षांत तिनं सासूला आई म्हटलं नव्हतं, आत्याच म्हणायची.

"नगं गं माझी लेक, तू दमली आसशील."

"तुमचे पाय चेपू का, आई?"

"आधी तू खा." ठमाबाईंनी पोह्यांचा घास सुनेच्या तोंडाशी नेला. सवय नसल्यामुळं तो निम्मा तिच्या नाकाला लागला.

प्रयागबाईंनी वळचणीकडं, मग पंख्याकडं, मग फ्रिजच्या मागं बघून घेतलं.

"कॅमेरा कुठं ठिवलाय?" त्या म्हणाल्या.

राजेश्वरी मोबाइलवर परतीच्या एसटीची वेळ बघायला लागली.

तेवढ्यात पिकअपवाल्याचा फोन आला, की दहा मिनिटांत वांगी न्यायला येतोय. रोहिणी चटकन उठून ओसरीवर गेली. तिथं बारामतीच्या मार्केटला जायचे क्रेट लावून ठेवले होते. तिनं पहिल्याच क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि ती थांबली.

"आत्या."

ठमाबाई पोह्यांच्या बशीकडं बघत राहिल्या.

"आत्या, हिकडं या. परत वरनं मोठी लावली का न्हाय तुमी? खाली ही बारकी, किडकी. मागच्या खेपेला आडत्यानं समद्यांपुढं क्रेट उलटा केला. मान खाली कुणी घातली? मी."

"वरचा थर जरा बरा दिसावा म्हणून चार लावली."

"चार? ही चार हायेत?" रोहिणीनं क्रेट धरला आणि सरळ नव्या फरशीवर पालथा केला. वांगी पाहुण्यांच्या चपलांपर्यंत घरंगळली.

"आगं ए, माणसं बसलीत."

"बसू द्या. पाव्हण्यांम्होरं खाली चांगलं आन् वर चांगलं आसं कायतरी करा एकदा."

"चाळीस वर्सं मार्केटला माल घालते मी. तू मला शिकीवणार?"

"व्हय, शिकीवणार. आता बसा आन् निवडा. बारकी वायली काढा."

ठमाबाईंचं तोंड लालबुंद झालं. "लय चालायला लागलीय हिची," असं पुटपुटत त्या खरोखरच बसल्या आणि बारकी वांगी वेगळी काढायला लागल्या. मधेच एक किडकं हळूच मोठ्यांत सारायला बघत होत्या. रोहिणीनं न बघताच ते उचलून बाजूला टाकलं. पाहुण्या बसल्या आहेत, याचा दोघींनाही विसर पडला होता.

प्रयागबाई बघत होत्या. मग त्यांनी बशी खाली ठेवली, फरशीवर बैठक मारली आणि क्रेट पुढं ओढला.

"ह्ये बघ पोरी," त्या रोहिणीला म्हणाल्या, "सासू म्हणती त्यात खोटं न्हाय. आमी डाळिंबाला वरनं चार चांगली लावतोच की."

"म्हणूनच आपली डाळिंबं मागं येतात, आई," राजेश्वरी म्हणाली. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि ती रोहिणीच्या बाजूला जाऊन बसली.

पिकअप आला तेव्हा चौघी हमरीतुमरीवर आल्या होत्या, दोन ह्या अंगाला, दोन त्या अंगाला. क्रेट चढवून झाल्यावर प्रयागबाई म्हणाल्या की बारामतीपर्यंत ह्याच गाडीनं जातो. मायलेकी ड्रायव्हरशेजारी बसल्या.

"बरं वाटलं," प्रयागबाई खिडकीतून म्हणाल्या. "सून आसं बोलली, आन् तुमी बसलात निवडायला. रविवारी लग्नाच्या याद्या करायला या इंदापूरला. चारच माणसं आणा. त्या मॅडमला आणू नगा."

गाडी निघाली. ठमाबाई परसाकडं तोंड करून अविराजला हाका मारायला लागल्या, की रंगाचं दुकान दुपारी बंद असतं, आत्ताच जा.