क्लिपबोर्डवरचा नकार

आमच्या घरात एकही निर्णय शांतपणे झालेला मला आठवत नाही. घराला स्लॅब टाकायचा का, म्हैस विकायची का, मला भंडाऱ्याला कॉलेजात घालायचं का, सगळं भांडून ठरलं. बाबा आधी नाही म्हणायचे. मग आई सुरू व्हायची. ती त्यांच्या तोंडावर कधी बोलत नसे. पाण्याच्या पितळी घागरीकडे, आमच्या भाषेत गुंडाकडे, तोंड करून बोलायची, आणि बाबा पलंगावर पडून छताला उत्तर द्यायचे. गुंड आणि छत यांचा वाद दोनतीन दिवस चालला की एका सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा चढवून, आई म्हणेल तिकडे निघायला तयार असायचे. हरलात का, असं त्यांना कुणी विचारत नसे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

बाबांचं स्वरयंत्र काढलं आणि ही सगळी व्यवस्थाच कोलमडली.

तंबाखू-सुपारीचा खर्रा, दुसरं काय. सरकारी कचेरीत मराठी टाईपिस्ट होते ते. टाईपरायटरच्या उजव्या हाताला कागद आणि डाव्या हाताला खर्र्याची पन्नी, अशी नोकरी झाली. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार याचे आदेश टाईप करता करता त्यांचं कामही वाढलं आणि पन्न्याही वाढल्या. निवृत्त होऊन करडीला, आमच्या गावी, परत आले, काम सुटलं, खर्रा सुटला नाही. पुढचं नागपूरच्या डॉक्टरांनी केलं. घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढऱ्या फडक्याचा तुकडा बांधून. रविवारी विहारात वंदना घ्यायला पुढे बसणारा माणूस मागच्या भिंतीला टेकून नुसते ओठ हलवू लागला.

तेव्हा मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये मदतनीस होते. सकाळी बाबांच्या गळ्यातली नळी साफ करायची, पेज गाळून द्यायची, एसटी पकडायची, दिवसभर पोरांनी बिघडवलेल्या मशिनी सुरू करायच्या, संध्याकाळच्या एसटीत उभ्यानं यायचं आणि परत नळी. मी कंटाळले होते असं म्हटलं तर ते फार कमी होईल. मला कुणाचा राग येत नव्हता, दया येत नव्हती, भूकही धड लागत नव्हती. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली की तेवढंच आयुष्यात चांगलं घडलं असं वाटायचं.

त्यात डॉक्टरांनी तपासणीत सांगितलं की मानेत परत गाठ दिसते. शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावा लागेल, त्यासाठी काही आठवडे नागपुरातच राहावं लागेल आणि उशीर करून चालणार नाही. बाबांनी मान हलवली. उभी नाही, आडवी.

झालं, आता भांडायला हवं होतं. पण भांडणार कोण? आई गुंडाकडे तोंड करायची, एक शब्द बोलायची आणि मग मागे वळून त्या फडक्याकडे बघायची. उत्तर देता येत नाही अशा माणसाशी भांडणं तिला पाप वाटायचं. मी पाटी आणून दिली. बाबांनी सुंदर अक्षरात लिहिलं. पण आई प्रौढवर्गात शिकलेली, एकेक अक्षर जोडून वाचणारी. वाक्य पुरं होईपर्यंत तिचा राग थंड व्हायचा. थंड रागानं कुणाला नागपूरला नेता येत नाही.

बाबा "नाही" म्हणून बसले, आई गप्प, आणि मानेतली गाठ कुणाच्या निर्णयाची वाट बघणार नव्हती. मला एवढं कळत होतं की या दोघांचं भांडण सुरू झालं नाही तर माझा बाप जाईल.

कॉलेजानं मोडीत काढलेला एक लॅपटॉप मी मागून आणला. त्याचा माऊस मेलेला, जड असं काही त्यावर चालत नसे. पण काळी खिडकी उघडून आज्ञा टाईप केली तर बिचारा ऐकायचा. त्यात मराठी वाचून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम टाकला. एक अख्खा रविवार घालवून बाबांच्या जुन्या टाईपरायटरची अक्षरांची मांडणी बसवली. मग एका ओळीची आज्ञा लिहिली. क्लिपबोर्डवर जे काही असेल ते उचल आणि या बोलणाऱ्या प्रोग्रामला दे, एवढाच तिचा अर्थ. ती ओळ एका बटणाला बांधली आणि बटणावर लाल टिकली चिकटवली. लिहायचं, निवडायचं, कॉपी करायचं, टिकली दाबायची, की मशीन बोलणार.

टाईप करणं बाबांना शिकवावं लागलं नाही. दहाही बोटं जागच्या जागी पडली, गडी नुसता खुश. अडलं ते कॉपीपाशी. टाईपरायटरवर बोट पडलं की अक्षर कागदावर, मध्ये ठेवायची जागाच नाही. "कॉपी केलेलं जाते कुठं?" असं त्यांनी पाटीवर लिहून विचारलं. मी म्हटलं, बाबा, ती ओंजळ समजा. एका वेळी एकच गोष्ट मावते. नवी घेतली की जुनी सांडते, आणि नवी घेतली नाही तर जुनीच हातात राहते. त्यांनी मान हलवली, पण बोटांनी ते कधी मनावर घेतलं नाही. अर्ध्या वेळा ते नवं लिहून सरळ टिकली दाबायचे आणि मशीन मघाचंच वाक्य परत म्हणायचं. चहा पिऊन झाल्यावर मशीन चहा मागायचं. कॉपी आणि बोलणं एकाच बटणावर आणायचं काम मी रोज उद्यावर ढकलायची. पंधरा मिनिटांचं काम होतं, पण घरी आल्यावर माझ्यात पंधरा मिनिटं उरत नसत.

आणि आवाज? आकाशवाणीच्या बातम्या देणाऱ्याला पडसं झालं तर जसा येईल तसा. त्यात बाबांची बोटं. जन्मभर साहेबाची भाषा टाईप केलेली, दुसरी त्या बोटांना येतच नव्हती. तोंडानं आमच्यासारखंच बोलणारा माणूस, पण बोटं बटणांवर पडली की "चहात साखर कमी असावी" आणि "पंखा बंद करण्यात यावा". मशीननं पहिल्यांदा हे म्हटलं तेव्हा मला हसू आलं. आई हसली नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला, "हो जी" म्हणाली आणि उठून पंखा बंद केला.

तेव्हापासून तसंच. बाबांसमोर ती सैल बसलेली असायची, मशीन बोललं की सावरून उठायची. ज्या साहेबांच्या टेबलासमोर ती दाखल्यांसाठी, मजुरीच्या पैशांसाठी तासन् तास उभी राहिली होती, त्यांचाच हा आवाज. मी समजावलं, अगं, हे बाबाच आहेत. ती म्हणाली की तिला ठाऊक आहे. पुढं म्हणाली, "पन घरात सायेब आनून बसवला तुनं. सायबाशी भांडाले मले जमते का?" मी सोय करायला गेले आणि भांडण होतं त्याहून लांब गेलं.

नागपूरचा विषय निघाला की बाबा टाईप करायचे आणि मशीन म्हणायचं, "मी नागपूरला येणार नाही. सदर विषय येथेच थांबवावा." आई म्हणायची, "हो जी." आणि विषय थांबायचा. मी मध्ये पडून बघितलं. ओरडले, रडले, एकदा जेवले नाही. बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान परत आडवी. मी लेक होते. त्यांना हलवायची कळ माझ्याकडे नव्हती, ती या घरात एकाच बाईकडे होती आणि ती बाई पदर घेऊन उभी होती.

अशात एक दिवस लॅबमध्ये डॉक्टरांकडून फोन आला. येणार असाल तर उद्या सांगा, नाहीतर शेकासाठी राखलेली जागा दुसऱ्याला देऊ. परतीच्या एसटीत मी ठरवलं की आज विचारायचं आणि नाही म्हणाले तर सोडून द्यायचं. खरं सांगते, मला नाही ऐकून सुटायचं होतं. इतकी दमले होते मी.

घरी येऊन फोनचं सांगितलं आणि लसूण सोलत बसले. बाबांनी टाईप केलं, निवडलं, कॉपी केलं, टिकली दाबली. मशीन बोललं, "मी नागपूरला येणार नाही. सदर विषय येथेच थांबवावा."

आई "हो जी" म्हणाली नाही. दारात उभी होती, पदर डोक्यावर होता. खाली बघत हळूच म्हणाली, "मी एकलीनं काय करू जी?"

इतक्या वर्षांत तिनं बाबांना असं काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. बाबांची बोटं थांबली. मग चालू लागली, थोडं चालली, परत थांबली, परत चालली. आई वाट बघत उभी. बाबांनी टिकली दाबली.

"मी नागपूरला येणार नाही. सदर विषय येथेच थांबवावा."

आईनं मान वर केली. मशीनकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. पदर खांद्यावर पडला तो तिनं उचलला नाही. ती फिरली ती सरळ गुंडाकडे.

"या माणसाले काय म्हनावं आता," ती गुंडाला म्हणाली. "जनमभर दुसऱ्याचे कागद बडवले, घरचं एक नाई ऐकलं. येनार नाई म्हनते. कोन इचारून राहिलं याले? म्या काय अर्ज केला? उचलून नेईन. खाटेसकट नेईन, पाहू दे मले कोन अडवते तं."

माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. हे बोलणं मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं की बाबा कॉपी करायला विसरलेत, मशीननं जुनंच वाक्य उगाळलं आहे. मी उठून त्यांच्या मागे गेले. पडद्यावर त्यांनी जे लिहिलं होतं ते कुणी ऐकलंच नव्हतं.

"येतो. तू सोबत चाल. पोरगी थकली आहे."

मी ते पुन्हा वाचलं. आपण थकलो आहोत हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कुणाला? एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरी बोलत नव्हती. तिकडे आई गुंडाला बाबांच्या सात पिढ्या ऐकवत होती आणि जे उत्तर तिला हवं होतं ते माझ्यासमोर तयार पडलं होतं. निवडायचं, कॉपी, टिकली. मी हात पुढे केला.

बाबांनी माझं मनगट धरलं. गळ्यावरचं फडकं जोरात हलत होतं, ते हसत होते. दुसऱ्या हाताच्या एका बोटानं त्यांनी खाली टाईप केलं, "बोलू दे तिले."

कॉपी त्यांनी केलं नाही. नुसती टिकली दाबली. मशीन सर्दट आवाजात परत म्हणालं की नागपूरला येणार नाही, सदर विषय येथेच थांबवावा, आणि आईनं गुंडावर हात आपटून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.