खराटा घेऊन चालणारे सर

आमचे सर हायड्रोजनच्या नळ्यांजवळ जाताना हातातला खराटा पुढे धरून जायचे. गाझियाबादच्या त्या संशोधन केंद्रात मी नवी रुजू झाले, तेव्हा मला वाटलं, एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि झाडलोट स्वतः करतो! मग त्यांनीच समजावलं. हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसत नाही. आधी खराट्याच्या काड्या पेटतात, माणूस वाचतो. गळती ओळखणारी यंत्रं होती, पण सरांचा हट्ट तो हट्टच. "यंत्राला रविवार असतो, शबाना. खराट्याला नसतो," म्हणायचे. गेटवरचा गार्ड त्यांना 'झाडूवाले साहब' म्हणे, आणि सर त्याला कडक सलाम ठोकत.

हायड्रोजनवर त्यांचा जीव होता, पण भाबडेपणा अजिबात नव्हता. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये पोहे खाताना कुणी म्हणालं, की आता स्कूटरीही यावरच धावणार, तर सर लगेच अडवत. "अरे यार, स्कूटरला बॅटरी बिल्कुल पुरते. आपण लांब पल्ल्याचे ट्रक आणि बसगाड्या बघू." पुढचा प्रश्नही ठरलेला: "गॅस कशातून काढलाय?" सौर विजेवर पाण्यातून काढला तर ठीक. नैसर्गिक वायूतून काढला, तर धूर आपल्या नाकासमोरून दुसऱ्याच्या नाकासमोर गेला, इतकंच. आमच्या छतावरच्या सौर विजेनं तयार केलेल्या गॅसवर एक बस धावावी आणि ती निवृत्तीआधी बघावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना वरिष्ठ अधिकारी बसची चाचणी बघायला आले. बस धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी होती. सर नेहमीसारखे खराटा घेऊन गॅस भरायच्या नळीकडे गेले आणि भर उन्हात, काहीही दिसत नसताना, काड्या पेटल्या. सरांनी ओरडूनच गॅस बंद करायला लावला.

"छोटी सी लीक है, पेच कस दो. दो चक्कर तो लगा ही लो," एक पाहुणे म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? सरांनी मात्र नोंदवहीत स्वतःच्या हातानं 'चाचणी रद्द' असं लिहिलं. पाहुणे चहा पिऊन परतले, पुढची तारीख लांबत गेली आणि सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मला रडू आवरेना.

"अगं, एकदा लोकांच्या मनात भीती बसली ना, तर वीस वर्षं कुणी या गॅसजवळ फिरकणार नाही," ते म्हणाले. "उशीर परवडतो. बस धावणार, लिहून ठेव."

बस धावली. नळ्यांचे जोड बदलले, सगळं पुन्हा तपासलं, त्यात वर्ष गेलं. पहिल्या फेरीला मी सरांना मुद्दाम बोलावलं. पुढची सीट त्यांच्यासाठी राखली होती. ते मागे, खिडकीशी जाऊन बसले. डोक्यावर, छतावर, हायड्रोजनच्या टाक्या. बस हायवेला लागल्यावर मी कौतुकानं मागे वळून पाहिलं, तर सर खिडकीला डोकं टेकून चक्क घोरत होते. इतक्या वर्षांत हायड्रोजनच्या आसपास मी त्यांना क्षणभरही डोळे मिटताना पाहिलं नव्हतं. शेवटचा थांबा आला, सगळे उतरले; सर अजून झोपलेलेच. मी ड्रायव्हरला हळूच म्हटलं, "भैया, एक चक्कर और."